रोहित्र

प्रत्यावर्ती (एसी) विजेचा दाब चढवणारे किंवा उतरवणारे स्थिर यंत्र म्हणजे रोहित्र. बोलण्यात ट्रान्सफॉर्मर, आणि गावाकडे सरसकट ‘डीपी’. यात फिरणारा एकही भाग नसतो.

पातळ पोलादी पत्र्यांच्या गाभ्यावर तारेच्या दोन गुंडाळ्या असतात. त्या एकमेकींना जोडलेल्या नसतात, तरी एकीतली वीज दुसरीत उतरते. पहिल्या गुंडाळीतला प्रवाह सेकंदाला 50 आवर्तने करतो, त्यामुळे गाभ्यातले चुंबकत्व सतत बदलत राहते आणि त्या बदलाने दुसऱ्या गुंडाळीत दाब निर्माण होतो. प्रत्येक वेढ्यावर सारखाच दाब येतो, म्हणून सगळा हिशेब वेढ्यांच्या संख्येवर चालतो. गावातल्या डीपीला 11,000 व्होल्टची लाइन येते आणि तिची दुसरी बाजू फेज ते न्यूट्रल 250 व्होल्ट देते. म्हणजे कमी दाबाच्या गुंडाळीतल्या एका वेढ्यामागे जास्त दाबाच्या गुंडाळीत 44 वेढे. एकदिश (डीसी) प्रवाह जोडला तर चुंबकत्व बदलतच नाही. दुसरीकडे काही मिळत नाही, उलट पहिली गुंडाळीच तापून जळू शकते.

दाब उतरला की त्याच प्रमाणात प्रवाह वाढतो. फुकट काहीच मिळत नाही. 100 केव्हीए क्षमतेच्या डीपीत वरच्या तारांमधून पूर्ण भाराला जेमतेम सव्वापाच अँपिअर येतात, खालच्या केबलमधून सुमारे 133 अँपिअर जातात. इथे 44 नव्हे, सुमारे 25 पट; कारण हा हिशेब दोन फेजमधल्या दाबाचा: वर 11,000, खाली सुमारे 433 व्होल्ट. म्हणूनच वरच्या तारा बारीक आणि खालची केबल मनगटाएवढी. वीज लांब न्यायची तर दाब वाढवून न्यावी लागते, त्याचे कारणही हेच: तारेतली उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढते. प्रवाह दहापट घटवला की तेवढ्याच तारेतला ऱ्हास शंभरपट घटतो.

मायकेल फॅरेडे यांनी 1831 मध्ये लोखंडी कड्यावर दोन गुंडाळ्या घालून हे प्रवर्तन दाखवले. मात्र कामाला येईल असे बंद गाभ्याचे रोहित्र 1885 मध्ये बुडापेस्टला झिपर्नोव्हस्की, ब्लाथी आणि डेरी या त्रयीने घडवले.

गाभा अखंड लोखंडाचा केला तर त्यातच भोवरे प्रवाह (गाभ्यातच गोल फिरणारी वीज) खेळून तो तापेल; म्हणून एकमेकांपासून विलग केलेले पत्रे वापरतात. चुंबकत्वाबरोबर हे पत्रे सूक्ष्म प्रमाणात लांबतात-आखडतात, एका आवर्तनात दोनदा. डीपीजवळ उभे राहिले की ऐकू येणारी घूं घूं मुख्यतः हीच. टाकीतले तेल विद्युतरोधनही करते आणि उष्णता बाहेरच्या नळ्यांकडे नेऊन सोडते. तापले-निवले की तेल फुगते-आक्रसते आणि हवा आत-बाहेर होते. त्या वाटेवरच्या काचेच्या डबीत सिलिका जेलचे खडे असतात. कोरडे असताना निळे, ओल शोषल्यावर गुलाबी. गुलाबी खडे तसेच राहू दिले तर दमट हवा थेट तेलापर्यंत पोचते आणि तेलाची रोधनशक्ती घटते.

‘डीपी जळाली’ म्हणतात तेव्हा बहुतेकदा गुंडाळीवरचा कागद किंवा इनॅमल उष्णतेने कोळपलेले असते. भार 20 टक्क्यांनी जास्त झाला तर गुंडाळ्यांतली उष्णता 44 टक्क्यांनी वाढते. ढोबळ हिशेबाने 100 केव्हीएच्या डीपीवर पाच एचपीचे सोळा-सतरा पंप बसतात. त्यात रब्बीत आकडे टाकून आणखी चार-पाच चालतात. पण खरी कसोटी वीज आल्याच्या क्षणाला. रात्रीची थ्री फेज लाइट आली की उठायला नको म्हणून पंपांना ऑटो स्विच लावलेले असतात, आणि सगळे पंप एकाच क्षणी उठतात. सुरू होताना मोटर नेहमीच्या पाच-सहापट प्रवाह ओढते. फ्यूज गेला तर ठीक. पण फ्यूजच्या जागी जाड तार बांधलेली असेल, तर तो प्रवाह गुंडाळीलाच सोसावा लागतो. पंपाला योग्य क्षमतेचा कॅपॅसिटर बसवला की चालू पंपाचा प्रवाह बराच उतरतो. ऑटो स्विच काढला, तर पंप एकामागून एक सुरू होतात.