इंडिया गेटवरची नावे कोणाची?

दिल्लीच्या इंडिया गेटवर ९५,३०० स्वातंत्र्यसैनिकांची नावे कोरलेली आहेत, असे सांगून त्यांची धर्मनिहाय आकडेवारी मांडणारा एक संदेश गेली कित्येक वर्षे फिरत आहे. तो निराधार आहे.

ही कमान मुळात ब्रिटिश सरकारने आपल्या हिंदी फौजेतील मृतांसाठी बांधलेले युद्धस्मारक आहे. १९२१ साली ड्यूक ऑफ कनॉट यांच्या हस्ते तिची पायाभरणी झाली, आराखडा एडविन लट्यन्स यांचा होता आणि १९३१ साली व्हाइसरॉय आयर्विन यांनी तिचे उद्घाटन केले. स्वातंत्र्यलढ्यातील हुतात्म्यांची नावे त्या सरकारने स्वखर्चाने दगडात कोरून घेतली असती, हे मुळातच पटण्यासारखे नाही. शिवाय कमानीच्या माथ्यावर ‘इंडिया’ या शब्दाच्या दोन्ही बाजूंना रोमन अंकांत १९१४ आणि १९१९ ही वर्षे ठळकपणे कोरलेली आहेत, पण छायाचित्र काढणाऱ्यांचे तिकडे क्वचितच लक्ष जाते.

पहिल्या महायुद्धात आणि १९१९ च्या तिसऱ्या अफगाण युद्धात कामी आलेल्या सुमारे ७० हजारांहून अधिक सैनिकांचे हे स्मारक असले, तरी भिंतींवर प्रत्यक्षात नावे आहेत ती सुमारे १३,३०० जणांची, आणि त्यांत ब्रिटिश अधिकारीही आहेत. शिलालेखातच म्हटल्याप्रमाणे ही नावे मुख्यत्वे भारतात, वायव्य सरहद्दीवर आणि अफगाण युद्धात पडलेल्यांची आहेत. त्यामुळे मेसोपोटेमियात म्हणजे आजच्या इराकमध्ये, कूत शहराच्या वेढ्यात लढलेल्या मराठा पलटणींतील मृतांची स्मृती शोधायची झाल्यास दिल्लीऐवजी तिथल्याच बसरा स्मारकाकडे वळावे लागते.