'हा निवाडा खरा आहे ना?' : चॅटबॉटच्या दाखल्यांची पार्श्वभूमी

चॅटबॉट कधी कधी कोर्टाने न दिलेल्या निवाड्यांचेही दाखले देतो. पण यंत्राचा सल्ला मानावा का, हा वाद चॅटजीपीटीच्या बराच आधीचा. १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या एका विद्यापीठाने रक्तातल्या जंतुसंसर्गावर औषध सुचवणारी प्रणाली बनवली होती. डॉक्टरने 'का?' विचारलं की ती आपला नियम दाखवायची. तरी प्रत्यक्ष उपचारांत ती कधी आलीच नाही. आजच्या चॅटबॉटला 'का?' विचारलं, तर तेही उत्तर तो नव्याने जुळवून देतो.

चॅटबॉटवर विसंबल्याचा पहिला चटका वकिलांना २०२३ मध्ये बसला. विमानात ट्रॉली गुडघ्यावर आदळली म्हणून एका प्रवाशाने न्यूयॉर्कमध्ये दावा लावला होता. त्याच्या बाजूने चॅटजीपीटीच्या मदतीने दिलेल्या दाखल्यांपैकी सहा निवाडे कुठल्याच कोर्टाने दिलेले नव्हते. तीस वर्षं वकिली केलेल्या वकिलाला शंका आली नव्हती असंही नाही. त्याने चॅटबॉटलाच विचारलं, हा खटला खरा आहे ना? 'हो' म्हणाला. कायद्याच्या नामांकित डेटाबेसमध्ये सापडेल, असंही वर सांगितलं. दंड ५,००० डॉलर.

अशा चुकांना 'हॅल्युसिनेशन' म्हणायची पद्धत पडली. मराठी बातम्यांत त्याचा 'भास' झाला. मला हा शब्द खटकतो. भास आजाऱ्याला होतो आणि ताप उतरला की जातो. इथे बरोबर निवाडा आणि बनावट निवाडा एकाच रीतीने तयार होतात : मागच्या शब्दांना शोभेल असा पुढचा शब्द. 'थाप' म्हणावं, तर थापाड्याला खरं काय ते ठाऊक असतं. ह्याला तेही नाही. कंपन्यांना मात्र 'भास' सोयीचा, कारण त्यात दोष तात्पुरता वाटतो.

आपल्याकडे मार्च २०२३ मध्येच चंडीगडला एका जामीन अर्जावर न्यायाधीशांनी चॅटजीपीटीचं मत घेतलं. निर्णय त्यावर बेतलेला नाही, हेही नोंदवलं. जुलै २०२५ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने जिल्हा न्यायालयांना निष्कर्ष किंवा निकालासाठी एआय वापरायला मनाई केली. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबईत प्रकरण प्राप्तिकराचं निघालं. करदात्याने ३.०९ कोटींचं उत्पन्न दाखवलं होतं, आकारणी झाली २७.९१ कोटींवर, आणि कर विभागाच्या आदेशात दिलेले तीन निवाडे सापडेनात. एआयने दिलेलं डोळे झाकून न घेता तपासून घ्या, असं बजावत उच्च न्यायालयाने आकारणी रद्द केली आणि प्रकरण नव्याने सुनावणीसाठी परत पाठवलं.