विहिरीतला दगड आणि सुमात्राचा भूकंप

आपल्या सोलापुरात समुद्र नाही, पण विहिरी होत्या की! पाठीला डबा बांधून पोहायला शिकलेल्यांना आठवत असेल, एकानं पाण्याखाली दोन दगड एकमेकांवर आपटायचे आणि दुसऱ्यानं पलीकडं बुडी मारून ऐकायचं. टक्क! एकदम कानातच वाजायचं, पण कुठल्या बाजूनं आलं ते काय कळायचं नाही. कारण पाण्यात आवाज सेकंदाला साधारण १५०० मीटर पळतो, हवेत ३४० च्या आसपास, मग दोन्ही कानांत जवळजवळ एकदमच पोचतो आणि मेंदू गोंधळतो.

समुद्राखालच्या भूकंपाचं असंच आहे, फक्त दगड मोठा. तळ हलला की त्यातला थोडा हादरा पाण्यात आवाज बनून शिरतो, त्याला टी-वेव्ह म्हणतात, टी म्हणजे टर्शरी, तिसरी, जमिनीतून येणाऱ्या पी आणि एस लाटांच्या मागून येते म्हणून. उशिरा येते पण दम लई. वरच्या गरम पाण्यात आवाज जोरात पळतो, खूप खोल दाबामुळं परत जोरात, मधे साधारण एक किलोमीटरच्या आसपास सगळ्यात हळू, आणि आवाज कायम हळू थराकडं वाकतो, म्हणजे वर गेला तरी खाली वळतो, खाली गेला तरी वर. उजनीचं पाणी रानात मोकळं सोडलं तर तिथंच मुरेल, कालव्यात घातलं की लांबपर्यंत जातं ना, तसंच. १९६० मधे ऑस्ट्रेलियात पर्थजवळच्या समुद्रात स्फोट केले, ते जवळजवळ २०,००० किलोमीटरवर बर्म्युडाला ऐकू आले, साडेतीन तासांहून जास्त वेळानं!

१९९३ साली, म्हणजे किल्लारीनं आपल्याला विसर्जनाच्या रात्री झोपेतून उठवलं त्याच वर्षी, अमेरिकेच्या नौदलानं शत्रूच्या पाणबुड्या ऐकायला बसवलेल्या माइकवर पॅसिफिकच्या तळाचे बारके बारके भूकंप सापडले. जमिनीवरच्या यंत्रांना असले बारके धक्के लागत नाहीत. शास्त्रज्ञ जहाज घेऊन तिकडं गेले तर खाली ताजा लाव्हा!

आता दिशा कशी कळते? हिंदी महासागरात दिएगो गार्सिया बेटापाशी, अणुचाचण्या पकडायला बसवलेले पाण्यातले माइक आहेत, हायड्रोफोन, तीन-तीनच्या गटात, एकमेकांपासून दोनेक किलोमीटरवर. कुठल्या माइकला आवाज आधी लागला यावरून दिशा काढता येते, आपल्या डोक्यात दोन कानांमधे तेवढी जागाच नाही. २६ डिसेंबर २००४ च्या सुमात्राच्या भूकंपात आवाजाची दिशा हळूहळू उत्तरेकडं सरकत गेली, म्हणजे भेग अंदमानकडं फाटत चाललेली शास्त्रज्ञांना ऐकूच आली, जवळपास १३०० किलोमीटर.

मला सगळ्यात भारी वाटतं ते वेगळंच. सुमात्राजवळ निआस बेटापाशी त्याच जागी, तसेच भूकंप परत परत होतात. आवाज तोच, रस्ता तोच, दिएगो गार्सियापर्यंत अर्ध्या तासाचा. पण गरम पाण्यात आवाज जरा जोरात पळतो, मग तोच आवाज काही वर्षांनी सेकंदाच्या बारक्या भागानं लवकर पोचला तर मधलं पाणी तापलंय. २०२० मधे छापून आलेल्या अभ्यासात यावरून पूर्व हिंदी महासागर २००५ ते २०१६ मधे दर दहा वर्षांना ०.०४४ अंशानं तापला असं निघालं. थर्मामीटर न बुडवता!