ऱ्हिदम अँड ब्लूज (आरंभकाळ)

अमेरिकेतील कृष्णवर्णीय समाजाचे शहरी नृत्यसंगीत. त्याचा आरंभकाळ साधारणपणे १९४० ते १९५५ असा धरतात. पुढे रॉक अँड रोल म्हणून गाजलेल्या संगीताची जवळपास सगळी सामग्री याच काळात सिद्ध झाली होती.

दक्षिणेतील कुटुंबे पोटापाण्यासाठी शिकागो, डेट्रॉइट, लॉस एंजेलिसकडे गेली आणि त्यांच्यासोबत ब्लूज हे त्यांचे लोकसंगीतही गेले. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास पंधरा-वीस वादकांचे बँड पोसणे जड होऊ लागले. पाच-सहा जणांचा ताफा परवडे, पण गजबजलेले नाचघर त्यालाही तितकेच दणाणून सोडावे लागे. मग सॅक्सोफोन चढ्या, खरखरीत स्वरात वाजू लागला, गिटार विजेवर आली आणि दुसऱ्या व चौथ्या मात्रेवर ड्रमचे जोरकस आघात पडू लागले. चार मात्रांच्या बारा आवर्तनांची ब्लूजची चौकट मात्र बहुधा कायम राहिली.

या शैलीचे पहिले मोठे नायक लुई जॉर्डन. त्यांच्या ‘टिम्पनी फाइव्ह’ ताफ्याचे ‘चू चू चबूगी’ (१९४६) मिल्ट गेबलर यांच्या देखरेखीखाली ध्वनिमुद्रित झाले. याच गेबलर यांनी १९५४ मध्ये गोरे गायक बिल हेली यांचे ‘रॉक अराउंड द क्लॉक’ ध्वनिमुद्रित केले. जॉर्डन यांचे स्वरखंड आपण हेलींच्या वादकांना गाऊन दाखवत असू, असे गेबलर यांनी पुढे सांगितले. याहून स्पष्ट वारसा कोणता दाखवावा? सिस्टर रोझेटा थार्प यांनी तर १९४४ मध्येच चर्चच्या भक्तिगीताला गिटारची आणि बूगी-वूगी (डाव्या हाताने सतत धावता ठेका धरणाऱ्या) पियानोची जोड दिली होती.

न्यू ऑर्लिन्समध्ये कोसिमो मटासा यांचा ‘जे अँड एम’ स्टुडिओ दुकानामागच्या खोलीत होता. तेथे डिसेंबर १९४९ मध्ये फॅट्स डॉमिनो यांनी ‘द फॅट मॅन’ आणि १९५५ मध्ये लिटल रिचर्ड यांनी ‘टुटी फ्रुटी’ गायले. ड्रमवर दोन्ही वेळा अर्ल पामर होते. एक तबकडी ऱ्हिदम अँड ब्लूजची आणि दुसरी रॉक अँड रोलची मानली जाते; खोली आणि वादक तेच!

‘बिलबोर्ड’ साप्ताहिक कृष्णवर्णीयांच्या तबकड्यांची यादी ‘रेस रेकॉर्ड्स’ (वांशिक तबकड्या) या नावाने छापत असे. १९४९ मध्ये तेथील पत्रकार जेरी वेक्सलर यांच्या सूचनेवरून ते नाव बदलून ‘ऱ्हिदम अँड ब्लूज’ केले. बाजाराची काळी-गोरी फाळणी मात्र तशीच राहिली. रॉय ब्राउन यांचे ‘गुड रॉकिन टुनाइट’ (१९४७) पुढच्याच वर्षी वायनोनी हॅरिस यांच्या आवाजात कृष्णवर्णीय श्रोत्यांत अव्वल ठरले; १९५४ मध्ये गोरे गायक एल्व्हिस प्रेस्ली यांनी ते गायले. १९५४ हे रॉक अँड रोलचे जन्मवर्ष मानणे त्यामुळेच पटत नाही.

पैशाचा हिशेब अधिक कटू आहे. गायिका रूथ ब्राउन यांच्या तबकड्यांवर अटलांटिक ही ध्वनिमुद्रण कंपनी उभी राहिली, तरी मानधनाच्या थकबाकीसाठी त्यांना उतारवयात झगडावे लागले. त्या लढ्यातूनच १९८८ मध्ये वृद्ध कलावंतांना मदत करणारे ‘ऱ्हिदम अँड ब्लूज फाउंडेशन’ स्थापन झाले.