रुमानियन गाण्यातले दुश्मन कुठून आले?

‘माझी भरभराट बघून दुश्मन जळतात’ अशा ओळी कानावर आल्या की बरेच सुशिक्षित रुमानियन नाक मुरडतात आणि सगळं खापर ‘मानेले’ या तुर्की वळणाच्या पॉप संगीतावर फोडतात. पण ही जळजळ फार जुनी आहे. कवी वासिले अलेक्सान्द्री यांनी 1850 मध्ये छापलेलं ‘मिओरित्सा’ हे तिथलं सर्वांत मानाचं लोकगीत. त्यातल्या मोल्दोवाच्या मेंढपाळाकडे मेंढरं जास्त, घोडे तयार, कुत्रे दांडगे. एवढ्यावरून सोबतचे दोघे मेंढपाळ सूर्य मावळताना त्याचा काटा काढायचं ठरवतात. मरणापुढच्या त्याच्या शांतपणावर अभ्यासकांनी भरपूर लिहिलंय; मला खुनाचं कारण जास्त बोलकं वाटतं.

कुचाळक्यांना तर गावानेच रीतसर जागा दिली होती. रुमानियाच्या ट्रान्सिल्वानिया भागात ईस्टरआधीचे उपवास सुरू होताना पोरं रात्री समोरासमोरच्या टेकड्यांवर चढत आणि ओरडून गावाची उणीदुणी काढत: कुणाची मुलगी अजून बिनलग्नाची, कोण आळशी, कुणाचं कुणाशी सूत. अंधारात बोलणारा दिसत नसे, त्यामुळे धाक सगळ्यांनाच. ‘होरा’ नाचात यमक जुळवून हाणलेले टोमणे त्याच जातकुळीचे. लोकांच्या तोंडाने प्रेम मोडलं ही उलट बाजूची तक्रार बायकांच्या गाण्यांत येते.

सूर बदलला तो लाउतारांमुळे. हे बहुतेक रोमा (जिप्सी) समाजातले पेशेवर वादक. त्यांचे पूर्वज 1850 च्या दशकापर्यंत सरदारांचे आणि मठांचे गुलाम होते. लग्नात, खानावळीत पैसे देणाऱ्याच्या मर्जीप्रमाणे गायचं हा त्यांचा धंदा. पाहुणा नोटा पुढे करतो, गायक त्याचं नाव घेऊन गाणं त्याला अर्पण करतो; आपल्या तमाशातली दौलतजादाच म्हणा. अशा गाण्यात दुश्मन हवेतच. हेवा करणारं कुणी नाही, तर पैसेवाल्याची पत ती काय? टेकडीवर नाव निंदेसाठी घेतलं जायचं, इथे ते मिरवायला. दुश्मन मात्र बिननावाचा.

कम्युनिस्ट हुकूमशहा चाउशेस्कूच्या राजवटीत 1976 पासून ‘रुमानियाचं गान’ या सरकारी महोत्सवात देशभक्ती आणि राबत्या हातांचा गौरव चाले. तिथे असल्या गाण्यांना थारा नव्हता. ती लग्नांत टिकली आणि ऐंशीच्या दशकात ब्राइला शहरातल्या ‘अझूर’सारख्या बँडच्या कॅसेटींची नक्कल करत लोकांनी ती हातोहात फिरवली. 1989 मध्ये राजवट कोसळल्यावर लपवाछपवीची गरज उरली नाही.