साक्ष देताना वाटणारी भीती: पार्श्वभूमी

‘साक्ष’ (येशूवरच्या विश्वासाचा आपला अनुभव इतरांना सांगणं) हा मंडळीत रोज कानावर पडणारा शब्द मुळात न्यायालयातला. ग्रीक ‘मार्टुस’ म्हणजे साक्षीदार; साक्षीपायी माणसं जिवाला मुकू लागली तेव्हा त्याच शब्दाला ‘हुतात्मा’ हा अर्थ चिकटला. भीती अगदी सुरुवातीपासून आहे. येशूचा शिष्य पेत्र याने त्याला पहिल्यांदा नाकारलं ते एका दासीपुढे.

तोच पेत्र पुढे न्यायसभेसमोर उभा राहिला (प्रेषितांची कृत्ये 4). तिथे ‘धैर्य’ असं भाषांतर झालेला शब्द आहे ‘पार्रेसिया’, म्हणजे अथेन्सच्या नागरिकाची भर सभेत मोकळेपणाने बोलण्याची मुभा. सुटकेनंतर मंडळीने धमक्या थांबाव्यात असं मागितलं नाही, बोलण्याचं धैर्य मागितलं. प्रवचनांतून नेमकं हेच निसटतं.

सुमारे 112 मध्ये प्लिनी या रोमन अधिकाऱ्याने सम्राट ट्राजनला आपली पद्धत कळवली: ‘तू ख्रिस्ती आहेस का?’ असं तीनदा विचारायचं, दुसऱ्या आणि तिसऱ्या वेळी शिक्षेची धमकी द्यायची. नाकारणाऱ्याने सम्राटाच्या मूर्तीपुढे धूप जाळून ख्रिस्ताला शाप दिला की सुटका. 250 मध्ये सम्राट डेसियसने सर्वांनाच देवांना बळी अर्पण करून तसा दाखला घ्यायला लावलं. अनेकांनी बळी न देताच पैसे चारून दाखला मिळवला. अशांना मंडळीत परत घ्यायचं की नाही, यावर 251 मध्ये उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजला सभा भरली. त्यांची बाजू एकेकाची चौकशी करून ऐकायची, असं ठरलं.

आज जिथे जिवावर बेतत नाही तिथे भीती उरते ती हसं होण्याची. तिच्यावर उपाय म्हणून वापरला जाणारा साक्षीचा साचाही जुनाच, राजा अग्रिप्पापुढचं प्रेषित पौलाचं भाषण (कृत्ये 26): आधी मी कसा होतो, येशू कसा भेटला, मग काय बदललं. साक्ष तीन मिनिटांत बसवायची तर पहिला भाग एका मिनिटात संपवावा. बहुतेकांची गाडी तिथेच अडते. जुन्या पापांचं वर्णन रंगतं आणि येशूला शेवटची दोन वाक्यं मिळतात. दुसरी चूक म्हणजे ‘तारण’, ‘नवा जन्म’ हे शब्द न उलगडता वापरणं. आणि मध्येच कुणी तोडलं तर? त्याच भाषणात रोमन सुभेदार फेस्ताने पौलाला भर सभेत वेडा ठरवलं. पौलाने आवाज न चढवता एका वाक्यात उत्तर दिलं आणि पुन्हा राजाकडे वळला.

अमेरिकेत 1962 मध्ये डी. जेम्स केनेडी या पाळकांनी ‘एव्हँजेलिझम एक्सप्लोजन’ हे साक्ष द्यायला शिकवणारं प्रशिक्षण सुरू केलं. लोकांशी विश्वासाबद्दल बोलायला ते स्वतःही घाबरत; एका अनुभवी पाळकाबरोबर घरोघरी फिरून ते शिकले. म्हणून त्यांच्या पद्धतीत वर्गापेक्षा सोबतीला वजन आहे: एक जाणता, दोन शिकाऊ. शिकाऊ आधी नुसता ऐकतो, मग आपली साक्ष सांगतो, आणि सगळं संभाषण त्याच्याकडे येतं ते बऱ्याच भेटींनंतर.