लोआर्रे: सरहद्द पुढे सरकली, गड मागे राहिला

स्पेनच्या ईशान्येला, आरागॉनमधल्या उएस्का प्रांतात लोआर्रे नावाचे छोटे गाव आहे. गावाच्या वर, पिरेनीज पर्वताच्या दक्षिणेकडच्या डोंगररांगेत, चुनखडीच्या कातळावर हजार वर्षांचा गड उभा आहे. स्पेनमध्ये गडकिल्ल्यांची वाण नाही. मात्र अकराव्या शतकातले मूळ रूप इतके शाबूत राखलेला दुसरा गड शोधायला बराच वेळ लागेल. ते कसे राहिले, हे समजायला सरहद्दीचा इतिहास पाहावा लागतो.

त्या काळी डोंगर ख्रिस्ती राजांकडे आणि खालचे सुपीक मैदान मुस्लिम सत्तेकडे होते. समोरचे बोलेआ हे तटबंदीचे ठाणे तर लोआर्रेवरून नजरेच्या टप्प्यात येई. नवार्राचा राजा सांचो तिसरा (राज्यकाळ 1004 ते 1035) याने या कातळावर चौकीचा किल्ला बांधला. त्याच्या मृत्यूनंतर आरागॉनचे वेगळे राज्य झाले आणि पुढे गड त्या राज्याच्या वाट्याला आला.

गडाला आजचे रूप दिले ते सांचोचा नातू सांचो रामिरेस याने. 1068 मध्ये हा राजा स्वतः रोमला गेला आणि त्याने आपले राज्य पोपच्या छत्राखाली नेले. 1071 मध्ये पोप अलेक्झांडर दुसरे यांच्या मान्यतेने गडावर ऑगस्टिनियन (संत ऑगस्टिनचे नियम पाळणाऱ्या) धर्मगुरूंचा मठ सुरू झाला. शिबंदी आणि मठ एकाच तटाआड नांदू लागले.

मठ आला म्हणजे चर्च हवे, आणि माथ्यावर तर जागा उरली नव्हती. मग बांधकाम करणाऱ्यांनी उतारावरच सान पेद्रोचे चर्च उभारले. जोते सपाट करण्यासाठी त्याखाली सांता किटेरियाचे तळघर-मंदिर बांधले आणि गडावर जाणारा मुख्य जिना थेट चर्चच्या पोटातून वर नेला. अंधाऱ्या जिन्याने चढून आले की डोक्यावर एकदम 26 मीटर उंचीचा घुमट दिसतो. एवढ्याशा डोंगरी गडावर असा घुमट ही रोमनेस्क, म्हणजे त्या काळच्या युरोपातल्या जाड भिंती आणि अर्धगोल कमानींच्या, वास्तुकलेतली विरळा गोष्ट आहे. बाहेरून पाहिले तर याच चर्चची भिंत तटासारखी उभी आहे. प्रार्थना आणि पहारा एकाच दगडात बांधलेला मी तरी दुसरीकडे पाहिलेला नाही.

लढाऊ बांधणीही तितकीच विचारपूर्वक केलेली. 22 मीटर उंचीचा, पाच मजली मुख्य बुरूज मूळ तटाबाहेर सुटा उभा होता. त्यात जायचे ते वरच्या मजल्यावरच्या लाकडी पुलावरून. वेळ आली की पूल काढला, वाट बंद! पाया अखंड कातळाचा असल्याने खालून सुरुंग खणून तट पाडणे शत्रूला जवळपास अशक्य होते. बाहेरचा लांबलचक तट नंतरचा, सहसा तेराव्या शतकातला मानला जातो. त्याचे बुरूज बहुतेक अर्धवर्तुळाकार असून आतल्या बाजूने उघडे आहेत. शत्रूने एखादा बुरूज घेतलाच, तरी गडावरून येणाऱ्या माऱ्यापासून त्याला आडोसा मिळू नये, हा त्यामागचा हेतू.

1094 मध्ये मुस्लिम सत्तेकडच्या उएस्का शहराच्या वेढ्यात सांचो रामिरेस मारला गेला. 1096 मध्ये त्याचा मुलगा पेद्रो पहिला याने ते शहर जिंकले आणि सरहद्द दक्षिणेकडे सरकली. मठाचे महत्त्व आणि उत्पन्न उएस्काजवळच्या मोंतेआरागॉन या नव्या गड-मठाकडे गेले होतेच. राजांचे लक्ष उडाले, म्हणून लोआर्रेवर पुढच्या पिढ्यांनी जुने पाडून नवे महाल चढवले नाहीत. हा गड टिकला तो या दुर्लक्षामुळे, असे मला ठामपणे वाटते.

पुढे एकदाच तो पुन्हा धगधगला. आरागॉनच्या गादीच्या वादात हरलेल्या उर्हेलच्या सरदाराची बाजू घेणाऱ्या आंतोन दे लूनाचा हा बालेकिल्ला होता आणि 1413 मध्ये त्याला वेढा पडला. त्यानंतर तटाच्या आश्रयाने राहणारी वस्ती हळूहळू खाली उतरली. आजचे लोआर्रे गाव वसले तेव्हा लोकांनी वरचे दगडही घरे बांधायला नेले. 1906 मध्ये गडाला राष्ट्रीय स्मारक घोषित करण्यात आले आणि पुढच्या दशकात ढासळलेल्या भिंतींच्या दुरुस्तीला हात लागला.